नवीन नेटवर्क अ‍ॅडमिनला वॅन आणि रिमोट अ‍ॅक्सेस शिकवायचं कसं

डिप्लोमा नाहीतर बीसीए करून आलेल्या पोरांना लॅन, म्हणजे एकाच ऑफिसातलं नेटवर्क, बऱ्यापैकी येत असतं. व्हीलॅन, डीएचसीपी, क्रिंपिंग, स्विचचे पोर्ट, सगळं जमतं. पण त्यांना सांगा की भोसरीचं हेड ऑफिस आणि नाशिकची अंबड एमआयडीसीतली शाखा जोडायची आहे (म्हणजे वॅन), शिवाय सेल्सच्या माणसांना घरून स्टॉक दिसला पाहिजे (म्हणजे रिमोट अ‍ॅक्सेस), की लगेच यूट्यूब उघडतं, कुठल्यातरी व्हिडिओतली कॉन्फिग जशीच्या तशी टाकली जाते, टनेल (इंटरनेटवरून दोन ऑफिसं जोडणारी खासगी वाट) हिरवा दिसतो तरी पिंग (समोरचं मशीन उत्तर देतं का ते बघायची चाचणी) जात नाही, आणि मग पुढे काय बघायचं तेच माहीत नसतं. यात पोरांचा दोष नाही. सीसीएनए या सिस्कोच्या परीक्षेच्या अभ्यासक्रमातसुद्धा आयपीसेक व्हीपीएन (एन्क्रिप्ट केलेला टनेल) 'वर्णन करा' एवढ्यापुरतंच आहे, उभं करून दाखवा असं कोणी म्हणत नाही.

ज्यांच्या हाताखाली एक-दोन ज्युनिअर आहेत, कंपनी लहान-मध्यम आहे, दोन ते दहा शाखा आहेत त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी ज्या क्रमाने शिकवतो तोच क्रम इथे ठेवलाय. माझं म्हणणं एकच आहे, पॅकेट जातं कसं हे सगळीकडे शिकवतात, तुम्ही ते परत कसं येतं हे शिकवा. वॅनमधल्या आणि घरून काम करणाऱ्यांच्या बहुतेक तक्रारी परतीच्या रस्त्यावर अडकलेल्या असतात आणि पोरं मात्र जायच्या रस्त्यावर शोधत बसतात.

आधी लॅब उभी करा

लाइव्ह राउटरवर शिकवायचं नाही. सोळा जीबी रॅमचा एक जुना डेस्कटॉप पुरतो, त्यावर जीएनएस३ नाहीतर ईव्ह-एनजी हे नेटवर्कची नक्कल करणारं सॉफ्टवेअर टाका, राउटर म्हणून सिस्कोचं व्हायओएस किंवा मायक्रोटिकचं सीएचआर घ्या. सीएचआरच्या फुकट लायसनला प्रत्येक इंटरफेसवर १ एमबीपीएसची मर्यादा आहे, शिकायला तेवढं भरपूर झालं. अगदी सुरुवातीला सिस्कोचं पॅकेट ट्रेसर चालेल पण त्यात फार दिवस अडकू नका, तिथे खऱ्या गोष्टी कमी बिघडतात. जमलं तर दोन लहान खरे राउटर टेबलावर ठेवा, कारण अडॅप्टर सैल असणं आणि केबल वॅनऐवजी लॅनच्या पोर्टात लागणं हे सिम्युलेटरमधे शिकता येत नाही.

लॅबमधे तीन शाखा करा, भोसरी, अंबड आणि कोल्हापूरजवळची शिरोली. मधे एक लिनक्स मशीन, ते आपलं आयएसपी, म्हणजे इंटरनेट देणारी कंपनी. या मशीनवर टीसी आणि नेटएम ही लिनक्सची साधनं वापरून ३० मिलिसेकंद उशीर आणि १ टक्का पॅकेट लॉस टाकून ठेवा, नाहीतर पोरांना सगळं लॅनसारखंच वाटत राहतं. बाहेरच्या आयपीसाठी २०३.०.११३.० आणि १९८.५१.१००.० या रेंज घ्या, त्या उदाहरणांसाठीच राखून ठेवलेल्या आहेत, चुकून बाहेर गेल्या तरी कोणाला त्रास नाही. आणि महत्त्वाचं म्हणजे आयएसपीवाल्या मशीनला फक्त या बाहेरच्या पत्त्यांचे राउट (कुठला पत्ता कुठल्या दिशेला याच्या नोंदी) द्या, आतल्या १०.x चे देऊ नका, खरा आयएसपीही ते ओळखत नाही.

आयपी प्लॅन कागदावर

राउटरला हात लावण्याआधी कागद-पेन. प्रत्येक शाखेला आपापली वेगळी रेंज, म्हणजे भोसरी १०.१०.०.०/१६, अंबड १०.२०.०.०/१६, शिरोली १०.३०.०.०/१६ आणि घरून येणाऱ्यांसाठी १०.९९.०.०/२४ (/१६ म्हणजे पहिले दोन आकडे पक्के, /२४ म्हणजे पहिले तीन). तिसरा आकडा व्हीलॅनचा, म्हणजे शाखेच्या आतल्या वेगळ्या केलेल्या नेटवर्कचा. असं केलं की पत्ता बघूनच कळतं हा कुठला आहे आणि राउट लिहिताना एका शाखेला एक ओळ पुरते.

१९२.१६८.०.x आणि १९२.१६८.१.x ऑफिसात वापरायचंच नाही, यावर मी अजिबात तडजोड करत नाही. बहुतेक घरगुती राउटर डब्यातून काढल्यापासून याच रेंजवर असतात. समजा ऑफिसचा सर्व्हर १९२.१६८.१.१० वर आहे आणि सेल्सच्या माणसाच्या घरचं वायफायही १९२.१६८.१.x देतंय. व्हीपीएन लागतं, हिरवं होतं, पण लॅपटॉप म्हणतो १९२.१६८.१.१० तर माझ्याच घरात आहे, आणि तो घरातच शोधत बसतो, पॅकेट टनेलमधे शिरतच नाही. ही तक्रार हमखास रविवारी संध्याकाळी येते आणि फोनवर सोडवता येत नाही कारण त्या घरात काही बिघडलेलं नसतं. जुन्या ऑफिसात आधीच ही रेंज असेल तर ती बदलायचं काम प्रशिक्षणातच घ्या, प्रिंटरपासून सुरुवात करून. कटकटीचं काम आहे पण ज्युनिअरला यातून जेवढं नेटवर्क समजतं तेवढं दुसऱ्या कशातून समजत नाही.

अंतर लागतं म्हणजे काय ते दाखवा

फायबरमधे प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे हजार किलोमीटरला जायला ५ आणि परत यायला ५ मिलिसेकंद, आणि फायबर सरळ रेषेत जात नसल्यामुळे प्रत्यक्षात जास्तच. हा वेळ बँडविड्थ वाढवून कमी होत नाही. हे वाक्य पोरांकडून म्हणून घ्या कारण पुढे आयुष्यभर त्यांना कोणीतरी सांगणार आहे की स्लो चालतंय, १०० ची लाइन २०० करा.

उदाहरण म्हणून एक हिशोब फळ्यावर मांडतो. एखादं अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर डेटा फोल्डर शेअर करून दुसऱ्या शहरातून उघडलं जातं, आणि एक रिपोर्ट काढायला ते सर्व्हरला समजा २००० वेळा छोटे छोटे प्रश्न विचारतं, एकाचं उत्तर आल्यावर पुढचा. ऑफिसच्या लॅनवर एक फेरी अर्ध्या मिलिसेकंदाची, रिपोर्ट एका सेकंदात. वॅनवर फेरी ३० मिलिसेकंदाची, तोच रिपोर्ट पूर्ण एक मिनिट. लाइन तेवढ्या वेळात जवळपास रिकामीच असते. उपाय म्हणजे सॉफ्टवेअर हेड ऑफिसच्याच मशीनवर चालवायचं आणि शाखेने रिमोट डेस्कटॉपने फक्त स्क्रीन बघायची. लॅबमधे नेटएमचा आकडा १० वरून १०० करत एक शेअर फोल्डर उघडून दाखवा, मग वेगळं समजवावं लागत नाही.

लाइन कुठली घ्यायची

हे थोडक्यात. साधं एफटीटीएच (घरोघरी येतं ते फायबर) स्वस्त, तुटलं तर केव्हा जोडतील याची खात्री नाही. इंटरनेट लीज्ड लाइन महाग, पण अपलोड-डाउनलोड सारखं, स्टॅटिक, म्हणजे न बदलणारा, आयपी मिळतो आणि दुरुस्तीचा वेळ करारात लिहिलेला असतो. एमपीएलएस म्हणजे आयएसपीच्याच खासगी नेटवर्कमधून शाखा जोडणं, बँका अजून वापरतात, लहान कंपनीला आता फारसं परवडत नाही आणि लागतही नाही. डोंगराळ भागात काहीच नसेल तर व्हीसॅट, पण भूस्थिर उपग्रह ३६ हजार किलोमीटरवर असल्यामुळे एक फेरी अर्ध्या सेकंदाच्या पुढे जाते. फोरजी-फाइव्हजी बॅकअप म्हणून उत्तम.

एक गोष्ट मात्र ज्युनिअरला स्वतः तपासायला लावा. राउटरच्या वॅन इंटरफेसवर जो आयपी आलाय तो आणि बाहेरून वेबसाइटवर दिसतो तो एकच आहे का? वॅनवर १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा काही असेल तर आयएसपीने सीजीनॅटमागे (अनेक ग्राहकांना मिळून एकच पब्लिक पत्ता) ठेवलंय, बाहेरून आत कनेक्शन येऊच शकत नाही, कितीही पोर्ट फॉरवर्ड करा. मग एकतर स्टॅटिक आयपी विकत घ्यायचा, नाहीतर ज्या बाजूला खरा पब्लिक आयपी आहे तिला हब, म्हणजे मधलं केंद्र, करायचं आणि सीजीनॅटवाल्या शाखेने तिकडे कनेक्शन लावायचं. दोन्हीकडे सीजीनॅट असेल तर मुंबई रीजनमधे एक छोटं क्लाउड मशीन घेऊन त्याला हब करा.

पहिला सराव: टनेल न लावता

थेट आयपीसेकवर उडी मारू नका. भोसरीच्या पीसीवरून, १०.१०.१०.५ वरून, अंबडच्या १०.२०.१०.५ ला पिंग करायला सांगा, नॅट (आतला पत्ता बदलून बाहेरचा लावणं) बंद ठेवून. टाइमआउट येणार. मधल्या आयएसपी मशीनवर टीसीपीडंप (येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारं साधन) लावून दाखवा की पॅकेट इथपर्यंत आलं आणि इथेच मेलं कारण १०.२० कुठे आहे हे आयएसपीला माहीत नाही.

आता आयएसपीवर फक्त १०.२० चा राउट टाका, १०.१० चा टाकू नका. पुन्हा पिंग, पुन्हा टाइमआउट.

"सर, अजून पोचत नाहीये."
"कशावरून?"
"रिक्वेस्ट टाइम्ड आउट येतंय ना."
"अंबडच्या पीसीवर टीसीपीडंप लाव आणि बघ."

तिथे रिक्वेस्ट आलेली दिसते, आणि तिला रिप्लाय गेलेलाही दिसतो. दोन्ही. म्हणजे पॅकेट पोचलं, उत्तरही निघालं, आणि उत्तर आयएसपीपाशी येऊन मेलं. टाइमआउट म्हणजे पोचलं नाही असं नसतं, टाइमआउट म्हणजे उत्तर आलं नाही, एवढंच. हे एकदा डोळ्याने बघितलं की पोरांची शोधायची पद्धतच बदलते. या सरावाला घाई करू नका, हवं तर अख्खा दिवस द्या.

मग सांगा की इंटरनेटवर आपल्या आतल्या पत्त्यांना कोणी ओळखत नाही म्हणून आपण बाहेरच्या पत्त्याचं पॅकेट करून त्याच्या पोटात आतलं पॅकेट घालतो, तोच टनेल. आधी साधा जीआरई टनेल लावू द्या, एन्क्रिप्शनशिवाय, दोन्हीकडे स्टॅटिक राउट लिहून. डंपमधे आतलं आणि बाहेरचं दोन्ही हेडर (पॅकेटवरचे पत्ते) उघडे दिसतात. ते बघून झालं की मगच आयपीसेक.

आयपीसेक, आणि नॅटचा तो एक नियम

दोन राउटरमधल्या बोलण्यांसाठी आयकेव्ही२ च घ्या, नवीन काही उभं करताना व्ही१ नको. पोरांनी तीन गोष्टी पाठ केल्या पाहिजेत, यूडीपीच्या ५०० पोर्टवर बोलणी होतात, मधे नॅट असेल तर यूडीपी ४५०० वर जातं, आणि नॅट नसेल तर डेटा ईएसपीने जातो ज्याला पोर्ट नसतो, तो ५० नंबरचा वेगळा प्रोटोकॉल आहे. 'पोर्ट ५० उघडा' असं आयएसपीला मेल केलेलं मी बघितलंय, म्हणून मुद्दाम सांगतोय.

दोन्ही बाजूंची सेटिंग एकाच कागदावर दोन रकान्यांत लिहायला लावा, एन्क्रिप्शन, हॅश, डीएच ग्रुप (किल्ली बनवायची पद्धत), लाइफटाइम, प्री-शेअर्ड की, इकडचं सबनेट (आतल्या पत्त्यांची रेंज), तिकडचं सबनेट. रकाने जुळले तर टनेल लागतो, नाहीतर नाही. एक फसवी गोष्ट इथे आहे, बोलणी दोन टप्प्यांत होतात आणि दुसऱ्या टप्प्याचा पीएफएस ग्रुप (नवी किल्ली बनवायची सेटिंग) दोन्हीकडे वेगळा असला तरी आयकेव्ही२ मधे टनेल पहिल्यांदा व्यवस्थित लागतो, कारण पहिली जोडणी पहिल्या टप्प्याच्याच किल्ल्यांवर होते. रीकीची, म्हणजे किल्ल्या बदलायची, वेळ आली की पडतो. 'रोज लागतो आणि तासाभराने आपोआप तुटतो' अशी तक्रार आली की ज्युनिअरने लाइनला दोष देण्याआधी हा ग्रुप बघावा.

टनेल लागला, तरी पिंग नाही? इथे जवळजवळ प्रत्येक पोर अडतं. राउटरवर इंटरनेटसाठी मास्करेडचा नियम आधीपासून असतो, बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पॅकेटचा पाठवणारा पत्ता तो बदलून पब्लिक आयपी करतो. १०.१० वरून १०.२० ला निघालेलं पॅकेट आयपीसेकच्या हाती पडायच्या आधीच त्याचा पत्ता बदलला जातो, मग ते ठरलेल्या सबनेटच्या जोडीत बसत नाही आणि टनेल सोडून सरळ इंटरनेटवर जातं. म्हणून मास्करेडच्या वर एक नियम हवा, १०.१० कडून १०.२० कडे जाणाऱ्याला नॅट करू नको. वर म्हणजे वरच, खाली टाकला तर उपयोग नाही. आणि दोन्ही शाखांमधे हवा. मी हा नियम मुद्दाम फक्त एका बाजूला टाकून ठेवतो आणि पोरांना शोधायला लावतो.

पिंग कुठून करताय हेही बघायला शिकवा. राउटरच्या टर्मिनलवरून पिंग केलं तर राउटर बऱ्याचदा आपला वॅनचा पत्ता लावून पाठवतो, तो टनेलच्या सबनेटमधे नसतो, म्हणून फेल. सोर्स अ‍ॅड्रेस लॅनचा देऊन पिंग करा नाहीतर सरळ पीसीवरून करा. आणि समोर विंडोज मशीन असेल तर त्याचा फायरवॉल दुसऱ्या सबनेटकडून आलेलं पिंग बहुतेक वेळा नाकारतो, तेव्हा टनेलवर राग काढण्याआधी समोरच्या शाखेतल्या प्रिंटरला पिंग करून बघा, प्रिंटर उत्तर देतो.

शेवटचं म्हणजे सर्व्हरचा डिफॉल्ट गेटवे, बाहेरचं सगळं तो ज्या राउटरकडे देतो तो. खूप ऑफिसांत जुना ब्रॉडबँड राउटर कोपऱ्यात चालूच असतो आणि सर्व्हरचा गेटवे अजून तोच असतो. रिक्वेस्ट नव्या राउटरकडून येते, उत्तर जुन्याकडे जातं. परतीचा रस्ता, पुन्हा.

लॉगिन पेज येतं, पण पुढे लटकतं

हा एमटीयूचा, म्हणजे पॅकेटच्या कमाल आकाराचा, रोग, आणि ज्याला हा ओळखता येतो त्याला मी वॅन येतं असं मानतो. इथरनेटवर पॅकेट १५०० बाइटपर्यंत, पीपीपीओईवर (युजरनेम-पासवर्डने लागणारं ब्रॉडबँड) १४९२, वायरगार्ड या व्हीपीएनमधे डिफॉल्ट १४२०, आयपीसेकमधे अल्गोरिदमप्रमाणे आणखी थोडं कमी-जास्त. टनेलचं हेडर जागा खातं म्हणून. मोठं पॅकेट आलं की राउटरने 'छोटं कर' असा आयसीएमपी निरोप पाठवायचा असतो, पण कोणीतरी सुरक्षेच्या नावाखाली सगळं आयसीएमपी बंद केलेलं असतं आणि तो निरोप पोचत नाही. लहान पॅकेट जातात, पिंग जातं, लॉगिनचं पान उघडतं, पण यादी किंवा फाइल आली की गोल गोल फिरत राहतं.

तपासायचं असं. विंडोजच्या पिंगला 'तुकडे करू नको' हा पर्याय लावून १४७२ बाइट पाठवा, त्यात २८ बाइटची हेडर मिळवली की १५००. नाही गेलं तर आकडा कमी करत या, जिथे जायला लागेल तिथे २८ मिळवा, तो तुमचा खरा एमटीयू. मग राउटरवर टीसीपी एमएसएस क्लॅम्प (एका पॅकेटमधल्या डेटावर मर्यादा) लावा, एमटीयूमधून ४० वजा करून, म्हणजे १४२० असेल तर १३८०. पोरांकडून प्रत्येक आकड्याची वजाबाकी करून घ्या, १३०० टाकून मोकळे व्हायची सवय लावू नका. आणि आयसीएमपी सरसकट बंद करायचं नाही हे तिथेच सांगा.

घरून येणारी माणसं

पहिला नियम, रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ पोर्ट इंटरनेटवर उघडा ठेवायचा नाही. पोर्ट नंबर बदलूनही नाही, स्कॅन करणारे सगळे पोर्ट बघतात. कित्येक लहान कंपन्यांमधे रॅन्समवेअर याच दारातून शिरलंय आणि सगळी खाती लॉक झाल्यावर मालकाचा चेहरा ज्याने पाहिलाय तो हा नियम मोडत नाही. आधी व्हीपीएन, मग त्याच्या आत रिमोट डेस्कटॉप.

पीपीटीपी हे जुनं व्हीपीएन अजूनही जुन्या राउटरच्या मेन्यूत दिसतं आणि लावायला सोपं म्हणून पोरं तेच निवडतात. त्याचं पासवर्ड तपासणं २०१२ मधेच व्यवहारात मोडून दाखवलंय, लावायचं नाही. ओपनव्हीपीएन चांगलं, पण शक्यतो यूडीपीवर, ते पोच मागत नाही, टीसीपी मागतं, आणि टीसीपीच्या आत टीसीपी घातलं की थोड्या लॉसवरही दोन्ही थर एकमेकांची वाट बघत बसतात. शिकवायला मला वायरगार्ड आवडतं. २०२० मधे लिनक्स कर्नलच्या ५.६ मधे आलं, मायक्रोटिकच्या व्हर्जन ७ मधेही आहे, कॉन्फिग दहा-पंधरा ओळींची, सगळं एका नजरेत दिसतं.

वायरगार्डमधे नीट समजवायची गोष्ट एकच, अलाउड आयपीज. या एका ओळीची दोन कामं आहेत, बाहेर जाताना ती राउट आहे, कुठल्या पत्त्याचं पॅकेट कुठल्या पिअरला (टनेलच्या दुसऱ्या टोकाला) द्यायचं ते ठरवते, आणि आत येताना ती पहारा आहे, या पिअरकडून याच पत्त्याचं पॅकेट घेईन म्हणते. सर्व्हरवर प्रत्येक माणसाला १०.९९.०.x/३२ असा एकच पत्ता द्या. दोन माणसांना चुकून तोच पत्ता दिला तर एरर येत नाही, नंतर टाकलेल्याला मिळतो आणि आधीच्याचं गुपचूप बंद पडतं. लॅपटॉपच्या बाजूला १०.१०.०.०/१६ लिहिलं तर फक्त ऑफिसचं ट्रॅफिक टनेलमधे, ०.०.०.०/० लिहिलं तर सगळंच. दुसरा प्रकार घेतला तर त्या माणसाचे घरचे व्हिडिओसुद्धा तुमच्या लीज्ड लाइनवरून जाणार, ते चालणार असेल तरच करा. घरचा राउटर नॅटमागे असतो म्हणून कीपअलाइव्ह (जोडणी जागी ठेवणारं छोटं पॅकेट) २५ सेकंद ठेवा.

लागलं का नाही हे शेवटच्या हँडशेकवरून (दोन टोकांनी एकमेकांची ओळख पटवणं) बघायचं, वायरगार्ड 'कनेक्टेड' असं काही सांगत नाही. ट्रॅफिक चालू असताना हँडशेक तीन मिनिटांपेक्षा जुना असेल तर जोडणी मेलेली आहे. अजिबात हँडशेक नसेल तर पोर्ट, पब्लिक की, नाहीतर मधला फायरवॉल. हँडशेक आहे पण सर्व्हर दिसत नाही, तर, तुम्ही ओळखलं असेलच, १०.९९ कडे परत कसं जायचं हे सर्व्हरच्या गेटवेला माहीत आहे का ते बघा. आणि डीएनएस, नावावरून आयपी सांगणारी सेवा. आयपी टाकून सर्व्हर उघडतो आणि नावाने उघडत नाही अशी तक्रार आली की क्लायंटमधे ऑफिसचा डीएनएस दिलाय का ते बघायचं.

की एका माणसाची एक, एका उपकरणाची एक. 'सेल्सटीम' नावाची एकच की दहा जणांना वाटायची नाही, एक जण नोकरी सोडून गेला की दहाही बदलाव्या लागतात, म्हणून कोणी बदलतच नाही. वायरगार्डमधे पासवर्ड-ओटीपी मुळात नाही, तेव्हा पैशांच्या नाहीतर पगाराच्या सर्व्हरवर आतमधे वेगळा मल्टीफॅक्टर लावा, किंवा ओटीपी मागणारं व्हीपीएन घ्या. एचआरने राजीनामा नोंदवला की त्याच दिवशी आयटीला कळलं पाहिजे, ही व्यवस्था ज्युनिअरने स्वतः एचआरच्या मॅडमशी बोलून बसवायची, तोही प्रशिक्षणाचाच भाग. टनेलच्या आतही फायरवॉल हवा, सेल्सवाल्याला स्टॉकचा सर्व्हर दिसावा, सीसीटीव्हीचा डीव्हीआर दिसायचं कारण नाही.

लॉग, म्हणजे काय केव्हा घडलं याच्या नोंदी, ठेवायला लावा आणि घड्याळं जुळवायला लावा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस ठेवायचे आहेत, सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची आहे, आणि सिस्टिमची घड्याळं एनआयसी किंवा एनपीएलच्या एनटीपी (वेळ सांगणाऱ्या) सर्व्हरशी जुळवायची आहेत. लहान राउटरमधे १८० दिवसांचे लॉग मावत नाहीत, लॉग साठवायला एक साधा सिसलॉग सर्व्हर उभा करा.

शंभर किलोमीटरवरचा राउटर बदलताना

फायरवॉलचा एक नियम चुकला की आपणच बाहेर, आणि मग कोल्हापूरपर्यंत गाडी. म्हणून दूरच्या राउटरवर काही बदलायच्या आधी परतीची सोय. सिस्कोवर 'रीलोड इन १०' देऊन ठेवा आणि कॉन्फिग सेव्ह करू नका, अडकलात तर दहा मिनिटांनी राउटर जुन्या कॉन्फिगवर उठतो, जमलं तर रीलोड कॅन्सल करून सेव्ह. ज्युनिपरवर 'कमिट कन्फर्म्ड', मायक्रोटिकवर सेफ मोड, कंट्रोल-एक्स. लॅबमधे प्रत्येकाला एकदा मुद्दाम स्वतःला बाहेर लॉक करून घ्यायला लावा आणि दहा मिनिटं शांत बसायला लावा.

शाखेत एक माणूस ठरवून ठेवा, बहुतेक अकाउंटच्या ताई नाहीतर गोडाऊनचे काका. त्यांच्याशी फोनवर बोलायचा सराव करून घ्या. 'वॅन पोर्टचा स्टेटस काय आहे' असं विचारायचं नाही, 'ताई, काळ्या डब्यावर निळं स्टिकर लावलंय, त्याच्या शेजारचा दिवा लुकलुकतोय की बंद आहे?' असं विचारायचं. म्हणजे स्टिकर आधी लावलेलं पाहिजे. राउटर बसवतानाच फोटो काढून ठेवायचा आणि तो फोन करताना समोर उघडा ठेवायचा.

दुसरी लाइन

दोन आयएसपी घेतले म्हणजे दोन लाइन झाल्या असं नाही. दोन्ही फायबर एकाच खांबावरून आत येत असतील तर जेसीबी दोन्ही एकदम तोडतो, आणि पावसाळ्याआधी एमआयडीसीत खोदकाम कायम चालू असतं. ज्युनिअरला बाहेर जाऊन केबल कुठून येते ते बघायला पाठवा. दुसरी लाइन फोरजीची असेल तर हा प्रश्नच येत नाही. आणि ओएनटी (फायबर जिथे येऊन लागतं तो आयएसपीचा डबा), राउटर, स्विच तिन्ही यूपीएसवर आहेत का? राउटर यूपीएसवर आणि आयएसपीचा ओएनटी साध्या प्लगवर, हे नेहमीचं दृश्य आहे.

फेलओव्हर (एक लाइन गेली की आपोआप दुसरीवर जाणं) लावताना केबलचा दिवा बघून ठरवू नका. दिवा चालू असतो आणि इंटरनेट पुढे कुठेतरी मेलेलं असतं. बाहेरच्या दोन वेगवेगळ्या पत्त्यांना पिंग करून दोन्ही गेले तरच लाइन गेली असं धरा. आणि उत्तर ज्या लाइनवरून रिक्वेस्ट आली तिच्यावरूनच परत गेलं पाहिजे, नाहीतर फायरवॉलला ते अनोळखी वाटतं आणि तो टाकून देतो. चाचणी म्हणजे सुट्टीच्या दिवशी खरोखर केबल काढायची, टनेल किती सेकंदांत उठतो ते मोजायचं, मग केबल लावून परत मूळ लाइनवर येतंय का तेही बघायचं. दुसरा अर्धा भाग खूप जण करत नाहीत आणि महिनाभर सगळी कंपनी सिमकार्डवर चालते.

परीक्षा

लेखी नको. पोरं जेवायला गेली की लॅबमधे एक बिघाड करून ठेवा, नॅटचा नियम खाली सरकवा, एका बाजूचा राउट काढा, सबनेट मास्क /१६ चा /२४ करा, घड्याळ एक वर्ष पुढे न्या म्हणजे सर्टिफिकेट संपलेलं दिसेल. नियम एकच, सेटिंगला हात लावायच्या आधी वहीत लिहायचं, पॅकेट कुठपर्यंत दिसलं, उत्तर कुठपर्यंत दिसलं, माझा अंदाज काय. मगच दुरुस्ती. जो न लिहिता पटापट सेटिंग बदलून दुरुस्त करतो त्याला मी कमी मार्क देतो, कारण काय दुरुस्त झालं हे त्यालाच सांगता येत नाही.

आयएसपीला फोन करायलाही तुम्ही करू नका, त्यांना करू द्या. सर्किट आयडी, केव्हापासून, लाइट आहे, ओएनटीचे दिवे असे आहेत, राउटर रीस्टार्ट केला, एमटीआर या वाट तपासणाऱ्या साधनात दुसऱ्या हॉपपासून, म्हणजे टप्प्यापासून, लॉस दिसतोय. एवढं एका दमात सांगितलं की समोरचा रीस्टार्ट करा म्हणत बसत नाही. तिकीट नंबर घेतल्याशिवाय फोन ठेवायचा नाही.

पहिली खरी शाखा ज्युनिअरला स्वतः उभी करू द्या, तुम्ही शेजारी बसा. शनिवारी संध्याकाळी काम बंद झाल्यावर सुरू करा, जुन्या कॉन्फिगचा बॅकअप लॅपटॉपवर आणि पेन ड्राइव्हवर दोन्हीकडे, आयपी प्लॅन आणि सर्किट आयडीचा कागद रॅकच्या दाराला आतून चिकटवलेला. सोमवारी सकाळी पहिलं बिल फाडलं जाईपर्यंत त्याने शाखेतच थांबायचं. आणि जुनी लाइन लगेच सरेंडर करायची नाही, एक महिनाअखेर जाऊ द्या, पगार, जीएसटीचं रिटर्न, स्टॉकचा सिंक, बायोमेट्रिकचा डेटा हे सगळं एकदा नव्या लाइनवरून झालेलं बघा, मगच आयएसपीला सरेंडरचा मेल पाठवायचा आणि पोच घेऊन फाइलला लावायची.